बालीच्या गावात कॅमेरा घेऊन : देवळापेक्षा आदल्या दिवशीची ओसरी

जास्वंद

बालीला निघालेली मंडळी हल्ली हमखास विचारतात, "विधींचे चांगले फोटो कुठे मिळतील?" देवळाच्या दारात ताटकळून ते मिळत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. सणाच्या आदल्या दिवशी गावात पोचा आणि एखाद्या घराच्या ओसरीवर बसा. बालीत पूजा देवळात होते त्याच्या कितीतरी पट अंगणात, चुलीपाशी आणि बाजारात होते. तिथे वेळ भरपूर असतो, माणसं बोलती असतात. देवळात मात्र हात जोडायची वेळ आली की कॅमेरा खाली गेलाच पाहिजे.

चनांग सारीचंच घ्या. दुकानाच्या उंबऱ्यावर, फुटपाथवर, स्कूटरवर ठेवलेली फुलांची ती छोटी चौकोनी परडी. तिचा वरून काढलेला फोटो बालीला जाऊन आलेल्या प्रत्येकाकडे असतो. ती तयार कशी होते, हे फार थोडे जण बघतात. सिदेमेन खोऱ्यात मी ज्यांच्याकडे उतरते त्या घरच्या ईबू (वयाने मोठ्या बाईला तिथे ईबू म्हणतात) दुपारची कामं उरकली की नारळाच्या कोवळ्या, पिवळसर झावळ्या घेऊन बसतात. सुरीच्या एका ओढीत पट्टी सुटते, दोन घड्या पडतात, बांबूची बारीक काडी टोचली की कड पक्की. त्यांच्या सुना काडीऐवजी सरळ स्टेपलर मारतात. आत विड्याचं पान, सुपारी, चुना यांची इवलीशी पुरचुंडी. मग फुलं, दिशा बघून: पूर्वेला ईश्वराची पांढरी, दक्षिणेला ब्रह्म्याची तांबडी, पश्चिमेला महादेवाची पिवळी, उत्तरेला विष्णूची निळी किंवा हिरवी. हे सगळं गप्पा मारता मारता, परडीकडे न बघता. सकाळी ती ठेवताना बाई उदबत्ती लावते, फुलाने पाणी शिंपडते आणि धूर तळहाताने देवाच्या दिशेने हलकेच लोटते. हाताच्या त्या वळणात जे आहे ते मला कुठल्याच मोठ्या मिरवणुकीत दिसलं नाही.

तारखांचं गणित आधी समजून घ्या, नाहीतर तिकिटं काढून बसाल आणि सण हुकेल. गलुंगन आणि कुनिंगन हे बालीतले दोन मोठे सण २१० दिवसांच्या पावुकोन पंचांगाच्या चक्रावर चालतात, त्यामुळे आपल्या वर्षाच्या हिशोबात दर वेळी पुढेमागे होतात. २०२६ मध्ये गलुंगन बुधवारी १७ जूनला आहे आणि दहा दिवसांनी, शनिवारी २७ जूनला कुनिंगन. त्यानंतरचा गलुंगन १३ जानेवारी २०२७ ला. प्रत्येक देवळाचा वर्धापनदिन, म्हणजे ओडालान, हाही बहुतेक ठिकाणी याच चक्रावर येतो. देवळं इतकी आहेत की कुठल्याही आठवड्यात जवळपास कुठेतरी ओडालान असतोच. घरमालकांना विचारा, ते बरोबर सांगतात.

गलुंगनच्या आदल्या दिवसाला पनाम्पाहान म्हणतात. पहाटे पुरुष मंडळी एकत्र जमतात आणि लावारची (बारीक कापलेलं मांस, नारळ आणि मसाल्यांचा पदार्थ) तयारी सुरू होते. जाड लाकडी पाटांवर सुऱ्या एका तालात चालत असतात, कोणी नारळ किसतोय, कोणी मसाला वाटतोय. विधीचा हा स्वयंपाक पुरुषांचा, बायका त्या वेळी नैवेद्याच्या मांडणीत. एका बल्बच्या उजेडात पाठमोरी बसलेली ती रांग म्हणजे फोटोग्राफरला पर्वणी आहे. मात्र डुक्कर कापणं हा त्या दिवसाचा भागच आहे. ज्यांना बघवत नाही त्यांनी थोडं उशिरा जावं, दाराबाहेर पेंजोर उभारण्याचं काम सुरू असतं ते टिपावं. उंच बांबू, टोक पुढे झुकलेलं, त्याला झावळ्यांच्या झालरी, भाताच्या लोंब्या, फळं. तो सजवताना घरातली पोरंटोरं सगळी हाताशी असतात.

देवळात जायचं तर कामेन (कमरेचं वस्त्र) आणि वरून सेलेंदांग (कमरपट्टा) हवाच, पुरुषांनी डोक्याला उदेंग बांधला तर फार बरं. भाड्याचं मिळतं, पण गावच्या बाजारातून स्वतःचं घ्या. नीट पेहराव केलेल्या माणसाकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. पुजाऱ्यापेक्षा उंचावर उभं राहायचं नाही, प्रार्थना करणाऱ्यांच्या पुढून जायचं नाही, फ्लॅश बंद. बसलेल्या लोकांमध्ये तुम्ही एकटे उभे असाल तर तुमचं चुकतंय हे समजावं.

उत्सवाशिवायचा बाली बघायचा असेल तर क्लुंगकुंगजवळ कुसाम्बाच्या किनाऱ्यावर जा. तिथे अजून काही कुटुंबं जुन्या पद्धतीने मीठ काढतात. खांद्यावरच्या कावडीतून समुद्राचं पाणी आणून काळ्या वाळूवर शिंपडतात, उन्हात वाळू वाळली की ती खरवडून झोपडीतल्या गाळणीत टाकतात, आणि खाली उतरलेलं दाट खारं पाणी नारळाच्या अर्ध्या चिरलेल्या खोडांत वाळवतात. पाणी शिंपडतानाचा पंखा सकाळच्या तिरप्या उन्हात असा काही चमकतो की बघत राहावं. जाताना मिठाची पिशवी विकत घ्या. त्यांचं घर त्यावर चालतं.

तुमचे अनुभव सांगा, विशेषतः जे गावात राहिले आहेत त्यांनी.

---

सह्यभटक्या

सुरेख लिहिलंय. कुसाम्बा यादीत घेतलं.

दोन गोष्टी. एक तांत्रिक: ओसरीवर आणि त्या उघड्या मंडपांत सावली अगदी गडद आणि बाहेर ऊन रणरणतं. माणसाचा चेहरा धरला तर मागचं सगळं पांढरं फटक. तुम्ही काय करता? त्यात देवळात सगळे पांढऱ्या कपड्यांत, कॅमेरा फसतो आणि चेहरे काळे येतात.

दुसरी गोष्ट जरा वादाची. परवानगी मागितली की माणूस सावध होतो, हसून उभा राहतो आणि सहजपणा संपतो. मी आधी फोटो काढतो, मग नजरानजर झाली की हसून मान लववतो. नको म्हणाले तर पुसून टाकतो. मला हे प्रामाणिक वाटतं.

---

जास्वंद

सह्यभटक्या, पांढऱ्या कपड्यांसाठी एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप वर चढवा, चेहरे उघडतील. मंडपात मी स्वतः आत बसते आणि माणूस उजेडाच्या कडेला असेल असं बघते. पाठीमागे भिंत किंवा झाडं घ्यायची, आकाश चौकटीत येऊच द्यायचं नाही. ३५ मिमी आणि ५० मिमी एवढ्यावर माझं सगळं भागतं. पहाटे आयएसओ ३२०० पर्यंत बिनधास्त जा. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम आठ अंशांवर आहे, तेव्हा सूर्य झपकन वर येतो आणि संध्याकाळ लवकर मिटते. आपल्याकडच्या हिवाळ्यातली रेंगाळणारी सोनेरी संध्याकाळ तिथे मिळेल असं धरून चालू नका.

परवानगीबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. बाजारात, रस्त्यावर ठीक आहे, तिथे सगळेच सगळ्यांना बघत असतात. पण घराच्या फाटकाच्या आत विचारलंच पाहिजे. "पर्मिसी, बोलेह फोटो?" (माफ करा, फोटो काढू का?) एवढं म्हटलं की काम होतं. पहिले दोन-तीन फोटो हसरे येतात, ते काढा, त्यांना दाखवा. मग कॅमेरा मांडीवर ठेवून बसा. पाव तासात ती माणसं तुमच्याकडे बघायची थांबतात. सहजपणा परत येतो आणि तो तुम्ही चोरलेला नसतो.

---

पूर्वरंग

या विषयाला शंभर वर्षांचा इतिहास आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बाहेरच्या जगाला बाली आधी फोटोंतून दिसला. ग्रेगोर क्राउझे नावाचा जर्मन डॉक्टर डच अमदानीत १९१२ च्या सुमारास बांगलीला नेमणुकीवर होता. त्याने तिथे हजारो फोटो काढले आणि १९२० मध्ये ते युरोपात छापून आले. त्यात विधी होते, नाच होते आणि ओढ्यावर आंघोळ करणाऱ्या बायकाही होत्या. युरोपातून लोक बालीकडे धावत सुटले त्याला त्या फोटोंचा मोठा हातभार लागला. पुढे १९३६ पासून मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन हे मानववंशशास्त्रज्ञ डोंगरातल्या बायुंग गेडे गावी राहिले. बेटसनने लायका कॅमेऱ्यावर पंचवीस हजारांच्या आसपास फोटो काढले: आई मुलाला कशी उचलते, मूल रुसतं तेव्हा काय होतं, माणसं बसतात कशी. जास्वंदताई ज्याला आदल्या दिवशीची ओसरी म्हणतात तेच.

या दोन कामांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. बेटसनचे फोटो वहीतल्या तारीखवार नोंदींशी जोडलेले होते, समोर काय चाललंय हे त्यात लिहिलेलं असे. क्राउझेच्या ओढ्यावरच्या बायकांना आपण कुठे छापले जाणार आहोत याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. आजही गावात संध्याकाळी माणसं ओढ्यावर, पाटावर आंघोळीला येतात, रस्त्यावरून दिसतात. त्यांचा फोटो काढायचा नाही. उजेड कितीही सुंदर असो, परवानगी मिळेलसं वाटो, तरीही नाही.

---

दक्षिणवारा

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं देन्पासारला राहतोय. इथलं थोडं सांगते.

देवळाची तीन आवारं असतात: बाहेरचं, मधलं आणि सगळ्यांत आतलं. २०२३ मध्ये गव्हर्नर वायान कोस्तर यांनी पर्यटकांसाठी जे परिपत्रक काढलं, त्यानुसार प्रार्थनेखेरीज कोणी मधल्या आणि आतल्या पवित्र भागात जायचं नाही. आत जायचं तर बाली पद्धतीच्या पेहरावात आणि प्रार्थनेसाठीच. पवित्र झाडांवर चढणं, देवस्थानी अंगप्रदर्शन करून फोटो काढणं यांवर बंदी आहे. २०२२ मध्ये ताबानानमधल्या एका जुन्या पवित्र झाडाशी विवस्त्र फोटो काढणाऱ्या परदेशी बाईला देशाबाहेर काढलं होतं. त्यानंतर गावात शुद्धीकरणाचा विधी करावा लागला. लोकांना नुसता राग येत नाही, जागा विटाळली की ती पुन्हा शुद्ध करायचा भार त्यांच्यावर पडतो. हे आपल्याला समजायला अवघड नाही.

मिरवणुकीत काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसलेले पचालांग दिसतील, ते गावाचे स्वयंसेवक. त्यांनी हाताने मागे व्हा म्हटलं की लगेच मागे व्हा, वाद घालू नका. आणि ड्रोन देवळावर उडवू नका. देवापेक्षा उंच कोणी जाऊ नये ही इथली धारणा आहे, ड्रोन त्यात पहिला येतो.

मराठी माणसांना एक जवळची गोष्ट: इथलं धार्मिक वर्षही शकाचंच. आपल्या शालिवाहन शकाचाच आकडा. न्येपी म्हणजे इथला नववर्षदिन, २०२६ मध्ये १९ मार्चला, गुढीपाडव्याच्याच दिवशी, शके १९४८. दर वर्षी असं जुळतं असं नाही. अधिक महिन्याचा हिशोब वेगळा पडला की महिन्याचा फरक होतो, २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला आणि आपला पाडवा ९ एप्रिलला होता. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सहापर्यंत सगळं बेट बंद. दिवे नाहीत, प्रवास नाही, विमानतळसुद्धा बंद. तुम्हीही हॉटेलच्या बाहेर पडायचं नाही. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोहच्या राक्षसी मूर्ती मिरवतात, तिथे फोटोला तोटा नाही. पण मूळ लेखातला मुद्दा इथेही लागू आहे. त्या आधीचे काही आठवडे बांजारच्या (वस्तीच्या) मंडपात गावातली तरुण मुलं रात्र रात्र त्या मूर्ती बांधतात, रंगवतात. तिथे जा. मुलं स्वतः बोलावून दाखवतात.

---

रानजाई

मला एक प्रश्न आहे. पाळीच्या दिवसांत देवळात जाऊ नये अशा पाट्या तिथे दारावरच असतात असं ऐकलं. काम म्हणून फोटो काढायला जाणाऱ्या बाईने काय करायचं? मला हे पटत नाही, तरी विचारतेय.

---

जास्वंद

रानजाई, पाट्या असतात. घरात मृत्यू झालेला असला तरी देवळात जात नाहीत, तो नियम पुरुषांनाही आहे. मलाही आपल्याकडची बंधनं पटत नाहीत आणि घरी मी ती पाळत नाही. पण तिथे मी पाहुणी आहे. त्या दिवसांत मी बाहेरच थांबते आणि बाजार, शेत, विणकाम यांचे फोटो काढते. सिदेमेनला हातमागावर सोंगकेत (जरीचं कापड) विणणाऱ्या बायका आहेत, त्यांच्यापाशी सकाळ कशी जाते कळत नाही. त्यांच्या घरचा नियम बदलायचा की नाही हे त्या बायकांनी ठरवायचं, आणि त्यांच्यात यावर बोलणं होतं.

---

रानजाई

उत्तर पटलं असं म्हणणार नाही, पण समजलं. विणकामाचं नक्की बघेन.

---

कातळ

न्गाबेनबद्दल, म्हणजे तिथल्या दहनविधीबद्दल, कोणीच बोललं नाही. मोठे बैलाच्या आकाराचे लाकडी शवपात्र, उंच मनोरा, आणि सभोवती कॅमेरे घेऊन उभे परके लोक. काही एजंट तर "आज अंत्ययात्रा आहे, चला" म्हणून गाड्या भरून नेतात. आपल्या आईच्या चितेपाशी कोणी अनोळखी माणूस लेन्स रोखून उभा राहिला तर आपण काय करू? मी तिथे गेलो होतो आणि कॅमेरा पिशवीतच ठेवला. बाकीच्यांनीही तेच करावं असं मला ठाम वाटतं.

---

दक्षिणवारा

कातळ, तुमची भावना समजते. पण इथल्या घरांत न्गाबेनकडे बघण्याची रीत वेगळी आहे. पुष्कळदा मृत व्यक्तीला आधी पुरलेलं असतं आणि पैसे व मुहूर्त जुळले की, कधी काही वर्षांनी, अनेक कुटुंबं मिळून दहन करतात. जुलै-ऑगस्टमध्ये असे सामुदायिक न्गाबेन खूप दिसतील. त्या वेळी रडणं टाळतात, आत्म्याची वाट त्याने अडते असं मानतात. चौकात मनोरा तीनदा फिरवतात, आत्म्याला घरची वाट सापडू नये म्हणून. वाद्यं असतात, आरडाओरडा असतो, पाणी उडवतात. माझ्या शेजारच्या घरी हा विधी झाला तेव्हा त्यांनी स्वतः फोटोग्राफर ठरवला होता आणि मलाही काढ म्हणाले.

---

जास्वंद

मी मिरवणुकीचे काढते, कुटुंबातल्या कोणाला तरी विचारून. पेटवल्यानंतरचे काढत नाही. एजंटच्या गाडीतून जाऊन तर मुळीच नाही. आणि त्रुन्यानला, जिथे बातूर तलावाकाठी मृतदेह झाडाखाली उघड्यावर ठेवतात, तिथे कवट्यांचे फोटो काढायला जाऊ नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

---

कातळ

त्यांची रीत वेगळी आहे हे मान्य. पण शेजारणीला काढ म्हणणं आणि विमानाने आलेल्या चाळीस जणांनी काढणं एक नाही. माझं मत बदललेलं नाही.

---

पाटपाणी

मी शेतीवाला माणूस, म्हणून सुबाकबद्दल दोन ओळी. जातिलुविहच्या भाताच्या पायऱ्या सगळे टिपतात. २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली ती नुसत्या देखाव्याची नाही, पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या सुबाक व्यवस्थेची. कोणाच्या वाफ्यात पाणी कधी सोडायचं हे मिळून ठरतं आणि त्याला पाण्याच्या देवळांची जोड आहे. बांधावर जिथे पाणी दोन वाटांत फुटतं तिथे लाकडाचा किंवा दगडाचा ठोकळा असतो, त्याला खाचा पाडलेल्या, ज्याच्या हिश्श्याचं पाणी त्याच्या खाचेतून. शेजारी बांबूचं छोटं देव्हारं आणि त्यात कालची परडी. माझ्या मते बालीचा सगळ्यात चांगला फोटो तो आहे आणि तो काढायला कोणी थांबत नाही. बांधावरून चालताना कडेने चाला, पाय पडून बांध फुटला तर पाणी दुसऱ्याच्या वाफ्यात जातं.

---

सह्यभटक्या

पाटपाणी, हे जबरदस्त. नोंद केली.

पैशांचं विचारायचं राहिलं. फोटोचे पैसे मागितले तर द्यायचे का?

---

जास्वंद

लेम्पुयांगच्या दरवाज्यापाशी रांग लावून, मोबाइलखाली आरसा धरून पाण्यात पडल्यासारखं प्रतिबिंब काढून देतात, तिथे रीतसर पैसे आहेत. तो धंदा आहे, हवं तर द्या. (तिथे तळं नाही, हे मात्र जायच्या आधी माहीत असू द्या.) बाजारात ज्या बाईचा फोटो काढला तिच्याकडून केळी घ्या, फुलं घ्या. गावातल्या घरी मी पैसे देत नाही, फोटो छापून देते. देन्पासारला, उबुदला छापून मिळतात, आणि पुढच्या खेपेला ते त्यांच्या भिंतीवर दिसतात. पूर्वी ईबूंच्या सासूबाईंचा एकही चांगला फोटो घरात नव्हता. आता मी काढलेला आहे, आणि त्यापुढे रोज परडी ठेवतात.

---

पूर्वरंग

तुम्पेक लान्देपचा दिवस जमला तर साधा. धातूच्या वस्तूंची पूजा असते, आपल्या दसऱ्याच्या शस्त्रपूजेसारखी. पूर्वी क्रिस (खंजीर) आणि हत्यारं, आता गाड्या, स्कूटर, संगणकसुद्धा. बालीतल्या सरस्वतीच्या दिवसानंतर दोन आठवड्यांनी येतो. कॅमेराही पुढे ठेवा, घरची माणसं आनंदाने त्यावर तीर्थ शिंपडतात. लेन्सला झाकण लावून ठेवा.

---

मोरपिसारा

येत्या गलुंगनला आई-बाबांना घेऊन जायचं ठरतंय. दोघंही पासष्टीचे, शाकाहारी. सिदेमेनला राहणं त्यांना झेपेल का? आणि १७ तारखेलाच पोचलं तर चालेल का?

---

जास्वंद

१७ ला पोचू नका, निदान १४ पर्यंत गावात या. सणाच्या दिवशी दुकानं बंद असतात, ड्रायव्हर मिळत नाहीत, तेही आपापल्या घरी असतात. सिदेमेनचे रस्ते चढउताराचे आहेत, तेव्हा खोली तळमजल्यावर मागा. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, भात, भाज्या सगळीकडे मिळतात, फक्त कोळंबीची पेस्ट नको हे आधी सांगा, तिखटाच्या वाटणात ती असते. १६ च्या पहाटे बाबांना पुरुषांकडे पाठवू नका, आईंना ईबूंच्या शेजारी बसवा. परडी करायला त्या लगेच शिकतील. व्यनि करा, घराचा पत्ता त्यांना विचारून देते.